नागिणीच्या लशीबद्दल अर्धीच गोष्ट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला नागिणीच्या लशीवरचा लेख वाचला आणि राहवले नाही म्हणून लिहिते आहे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील, रक्तात अँटीबॉडी असतील, तर ज्येष्ठांनी या लशीच्या मागे लागू नये, असे लेखकांनी ठामपणे सांगून टाकले. शिवाय लशीत स्निग्ध पदार्थांची भर घातलेली असते आणि तापाचे कारण तेच, हेही.

अगदी हेच आमच्या दादांना एका मोठ्या इस्पितळात ऐकवले गेले होते. ते आपणहून लस घ्यायला गेले होते. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावले, अँटीबॉडी भरपूर निघाल्या, आणि लस न देताच घरी पाठवले. त्याच पावसाळ्यात डाव्या कपाळावर आणि पापणीवर नागीण उठली. शेजारपाजारचे गेरू लावा म्हणत होते, त्यात दिवस गेले. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात, हे कोणी सांगितले नाही. पुरळ सुकले, दुखणे राहिले. पंख्याचे वारे कपाळाला लागले तरी दादा कळवळतात. टोपी घालता येत नाही. डाव्या बाजूचे केस विंचरायचे त्यांनी सोडूनच दिले आहे.

मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवले, म्हणून सांगते. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही, तो मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून बसतो, आणि पुढे तोच जागा झाला की नागीण उठते. तिथे त्याला दाबून ठेवतात त्या मुख्यतः टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. वय वाढते तशा अँटीबॉडी बऱ्यापैकी टिकतात, टी पेशींचा जोर मात्र ओसरतो, आणि पन्नाशीनंतर नागीण वाढते ती त्यामुळे. तेव्हा अँटीबॉडी मोजून नागीण होणार नाही अशी हमी देणे हा दादांवर झालेला अन्याय होता, आणि काल तो तुमच्या हजारो वाचकांवर झाला.

आता त्या 'भर' घातलेल्या पदार्थांबद्दल. शिंग्रिक्स या नागिणीच्या नव्या लशीत विषाणूचे एकच प्रोटीन असते, ग्लायकोप्रोटीन ई, 50 मायक्रोग्रॅम. ज्येष्ठांना नुसते हे प्रोटीन टोचून पाहिले तेव्हा टी पेशींचा प्रतिसाद तोकडा पडला. सोबत एएस01 हे अॅडज्युव्हंट, म्हणजे लशीचा प्रतिसाद वाढवणारे मिश्रण, दिले तेव्हा तो कितीतरी वाढला. यात फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल या स्निग्ध पदार्थांचे अतिसूक्ष्म बुडबुडे असतात, त्यांना लायपोसोम म्हणतात. त्यात दोन घटक बसवलेले असतात. एक एमपीएल, साल्मोनेला जिवाणूच्या आवरणातला, विषारीपणा काढून टाकलेला लिपिड. दुसरा क्यूएस-21, चिलीतल्या क्विलाया झाडाच्या सालीतला सॅपोनिन, म्हणजे साबणासारखा फेसाळणारा पदार्थ. हा सॅपोनिन मोकळा दिला तर पेशींची आवरणे फोडतो. बुडबुड्यातले कोलेस्टेरॉल त्याला आवरून धरते. दोन्ही मिळून जवळच्या लसिका गाठीत काही तासांतच इंटरफेरॉन-गॅमा या इशारा देणाऱ्या प्रोटीनची लाट उठवतात, डेंड्रिटिक नावाच्या पहारेकरी पेशी जाग्या होतात आणि त्या सीडी4 प्रकारच्या टी पेशींना प्रोटीनची ओळख पटवतात. एकट्या एमपीएलने किंवा एकट्या क्यूएस-21 ने एवढे साधत नाही. हे काढून टाकले तर म्हाताऱ्या शरीरात लशीचे काम नीट होणारच नाही. मग ती भर कशी?

2006 मध्ये अमेरिकेत आलेली जुनी लस जिवंत विषाणूची होती. तिचे संरक्षण साधारण 51 टक्के, सत्तरीपुढे आणखी कमी. नव्या लशीच्या 2015 च्या चाचणीत पन्नाशीपुढच्यांत 97 टक्के, आणि पुढच्या चाचणीत सत्तरीपुढच्यांतही 90 च्या आसपास. लेखात यातला एकही आकडा नाही.

ताप येतो, दंड दुखतो, हे खरे. 2015 च्या त्या चाचणीत सुमारे सहांतल्या एकाला रोजची कामे अडावीत इतका त्रास झाला. पण तो दोन-तीन दिवसांत उतरतो. दादांचे दुखणे उतरलेले नाही.

आणि हे फक्त नागिणीपुरते नाही. आपल्या पुण्याची सिरम जी आर-21 मलेरिया लस बनवते, तिच्यातले मॅट्रिक्स-एम हे अॅडज्युव्हंटही सॅपोनिन, कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिडचेच. क्षयाच्या एम72 लशीची मोठी चाचणी 2024 मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली, तीही याच एएस01 च्या आधारावर. क्षयाने पोळलेल्या आपल्या देशात वर्तमानपत्राने लोकांना या घटकांची धास्ती घालू नये.

लस महाग आहे, पेन्शनरला दोन डोस परवडत नाहीत, यात लेखकांशी मी सहमत आहे. पण ते लिहायचे तर सरकारला जाब विचारत लिहा. परवडत नाही म्हणून गरजच नाही, असे सांगू नका.

खुलासा पुढच्याच पुरवणीत, पहिल्या पानावर छापावा. आणि कृपा करून जांभळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या बारीक अक्षरांत नको. ही पुरवणी वाचणारे बहुतेक साठीपुढचे आहेत. दादांना एकाच डोळ्याने नीट दिसते, कालचा लेख मला त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा लागला.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा