रक्त साठवायचे तर वेगळी सही घ्या

मा. संपादक,
स. न.

जनुकीय अभ्यासासाठी रक्त घेऊन साठवायचे, तर त्याला संमती वेगळी हवी, हे सांगायला हे पत्र. बेळगाव जिल्ह्याला वैद्यकीय संशोधन नवे नाही. येथील खेड्यांत 1620 बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखणाऱ्या गोळीची चाचणी झाली होती. औषध घेतलेल्यांत बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव 6.4 टक्के, तर नुसती बिनऔषधी गोळी घेतलेल्यांत 12 टक्के निघाला. 2006 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो निष्कर्ष छापला. अशा चाचणीत जे बरेवाईट व्हायचे ते त्या बाई-बाळापुरते. जनुकीय अभ्यासात रक्त एकीचे आणि माहिती तिच्या भावंडांची, मुलांचीही असते. म्हणून औषधचाचणीच्या साच्यातले संमतिपत्र इथे पुरत नाही.

पाच मिली रक्तातून काढलेला डीएनए उणे 80 अंशांवर वर्षानुवर्षे टिकतो. आज थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारासाठी दिलेला नमुना उद्या भलत्याच अभ्यासाला वापरता येतो. अमेरिकेत ॲरिझोनातील हवासुपाई आदिवासींनी 1990 पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिले. ते स्किझोफ्रेनिया आणि पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासालाही वापरले गेले. 2010 मध्ये तो अभ्यास करणाऱ्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने 7 लाख डॉलर देऊन तडजोड केली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत यावर सोय आहे: या अभ्यासाला होकार वेगळा, साठवणुकीला वेगळा, पुढच्या वापराआधी पुन्हा विचारायचे की नाही तेही वेगळे. एकाच सहीत हे सारे उरकू नये.

आपल्या भागात मामा-भाची, आत्ते-मामे भावंडांची लग्ने होतात. दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता 25 टक्के. वाहक म्हणजे दोष अंगी असला तरी रोगी नव्हे, आणि आजारी मुलात तो दोघांकडून सारखाच येतो. तरी निकाल चारचौघांत सांगितला की खापर सुनेवर फुटते. तो ज्याचा त्याला, एकट्याला, समुपदेशकानेच सांगावा. आई-वडील-मुलाचे नमुने जुळवताना पितृत्वाचा प्रश्नही उघडा पडू शकतो. अशा वेळी काय करायचे, हे रक्त काढण्याआधी ठरलेले हवे. नाव काढून क्रमांक दिला तरी लहान गावात आडनाव, वय आणि आजार एवढ्यावरून घर ओळखता येते, हेही संमतिपत्रात लिहावे.

निरक्षर व्यक्तीचा अंगठा घेताना साक्षीदार संशोधनाशी संबंध नसलेला लागतो. बोलावणाऱ्याही आशाताई आणि साक्षीलाही त्याच, असे होऊ नये. गावात आशाताईंना नाही म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.

संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या एथिक्स कमिटीत (नीतिमत्ता समितीत) एक सामान्य नागरिक असावाच लागतो. खानापूर-निपाणीकडे नमुने घ्यायचे असतील, तर मराठी वाचणाऱ्या अशा सदस्याने संमतिपत्र पूर्ण वाचावे आणि साठवणुकीसाठी वेगळी सही त्यात नसेल तर प्रस्ताव परत पाठवावा.

आपला,
एक वाचक, बेळगाव