ट्रंकेच्या तळाशी गेलेली वही

नेहरूनगर, कुर्ला (पूर्व)
रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी आलं. आधी आईने वाचलं, मग मी, मग आईने पुन्हा मोठ्याने. 'कोपरं सोलवटलीत, पण मजेत आहे' या वाक्यावर ती दोन्ही वेळा थांबली. मी थांबलो ते शेवटच्या ओळीवर. 'बाबा, शब्दांची वही ट्रंकेच्या तळाशी गेली. इथे तिचं काही काम नाही.'

तू फौजेच्या प्रशिक्षणाला चेन्नईला निघालीस त्या दिवशी मावशी काय म्हणाली ते आठवतंय ना? "मराठीत एम.ए. झाली आणि शेवटी कवायतच करायला गेली!" मी गप्प बसलो. मला उत्तरं नेहमी उशिरा सुचतात, बहुतेक लोकलमध्ये. हे सुचलं तेव्हा गाडी भायखळ्याला थांबली होती. कवायत हा शब्द अरबीतून आला. मूळ 'कवायद', म्हणजे 'कायदा'चं अनेकवचन. उर्दूत कवायद म्हणजे व्याकरणसुद्धा. तेव्हा मावशीला सांग, पोरगी व्याकरणच करतेय, फक्त बूट घालून.

भायखळ्याला सुचलं हेही मला गंमतीशीर वाटलं. आपल्या घरातला तो फुगलेला मराठी-इंग्रजी कोश आहे ना, मोल्सवर्थचा, त्याची दुसरी आवृत्ती भायखळ्याच्याच एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापली गेली, १८५७ साली. उत्तरेत शिपाई कंपनी सरकारवर उठले होते आणि इथे जुळारी साठ हजार मराठी शब्दांचे खिळे जुळवत होते. नऊशेच्या वर पानं, एका बाजूला देवनागरी, दुसऱ्या बाजूला रोमन, त्यात जोडाक्षरं. मी तीस वर्षं मुद्रितं तपासली. एकदा सरकारी नोटिशीत 'निविदा'च्या जागी 'निद्रा' माझ्या नजरेतून सुटली आणि दोन दिवस मी मालकासमोर गेलो नाही. त्यामुळे त्या छापखान्यातल्या माणसांबद्दल मला मोल्सवर्थइतकाच आदर आहे, पण त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

आपली प्रत मूळ नव्हे, पुण्यात १९७५ साली निघालेल्या पुनर्मुद्रणाची. फाउंटनच्या फुटपाथवर घासाघीस करून घेतली होती. २६ जुलै २००५ला तळमजल्यावरच्या त्या घरात कमरेइतकं पाणी आलं. तू चार वर्षांची होतीस, तुला माळ्यावर बसवलं होतं आणि तू वरून "बाबा, भांडी पोहतायत" म्हणून टाळ्या वाजवत होतीस. कोश खालच्या फळीवर होता. नंतर आठवडाभर आईने एकेका पानात टाल्कम पावडर घालून कोमट इस्त्री फिरवली. 'प'पासून 'भ'पर्यंतची पानं अजून लाटांसारखी आहेत आणि त्यांना पावडरीचा वास येतो. एका सैनिकाचा ग्रंथ आईने असा वाचवला. पण तो सैनिक होता हे मी तुला कधी सांगितलंच नाही, असं परवा लक्षात आलं.

जेम्स थॉमस मोल्सवर्थ. जन्म १७९५. सोळा-सतरा वर्षांचा असताना कंपनीच्या फौजेत एन्साइन, म्हणजे सगळ्यात खालचा अधिकारी, म्हणून हिंदुस्थानात आला. १८१८च्या मे महिन्यात इंग्रजांनी सोलापूरचा किल्ला घेतला, पेशवाई संपली, आणि त्याच वर्षी सोलापूरच्या छावणीत या लेफ्टनंटने मराठी शब्द टिपायला सुरुवात केली. कुणी हुकूम दिला नव्हता. स्वतःच्या उपयोगासाठी, कानावर पडेल तसे. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. म्हणजे तुझ्याएवढा. कोश, ग्रंथ, विद्वत्ता हे सगळं पुढचं. आधी छावणीत एक वही होती.

आणि टिपायचं कुठून? तेव्हा छापील मराठी पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाळशास्त्र्यांचं 'दर्पण' निघालं १८३२ला. त्यामुळे शब्द माणसांच्या तोंडूनच घ्यावे लागत. १८२५मध्ये त्याने सरकारला कोशाचा प्रस्ताव दिला. मग सात पंडित मदतीला आले, थॉमस कँडी नावाचा दुसरा एक लेफ्टनंट आणि त्याचा जुळा भाऊ जॉर्ज हेही होते. १८३१ला मुंबईत पहिली आवृत्ती निघाली, सुमारे चाळीस हजार शब्दांची. कुठलाही शब्द काढ. मूळ संस्कृत की फारसी की अरबी ते दिलेलं, आणि अर्थ देऊन तो थांबत नाही. बाया विहिरीवर कशा बोलतात, भांडणात शब्द कसा वापरतात, म्हण कुठली, तेही. एखादा शब्द बघायला कोश उघडावा आणि चहा गार व्हावा, असं माझं कितीदा झालंय, आईला विचार.

गोरा साहेब म्हणून त्याला ओवाळायचं मात्र काही कारण नाही. सरकारने पैसे घातले ते मराठीच्या प्रेमापोटी नव्हे, मुलूख हाती आला होता आणि तो चालवायला भाषा लागत होती म्हणून. पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर कॅप्टन मोल्सवर्थ आहे, दोन्ही कँडी आहेत, पंडित नाहीत. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, परशुरामपंत गोडबोले ही मंडळी त्या काळात मराठी-मराठी कोश करत होती, तो १८२९ला निघाला. त्यांच्यासारख्यांच्या कानांशिवाय कुठल्याही लेफ्टनंटला 'कढ' आणि 'कड' यांतला फरक कळला नसता.

आता एक गोष्ट सांगावी की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. आई म्हणाली, नको लिहू, पोरीने नुकतंच शिक्षण सुरू केलंय. पण अर्धवट सांगणं मला जमत नाही. मोल्सवर्थने पुढे फौज सोडली. शिपाईगिरी आणि आपला ख्रिस्ती धर्म एकत्र नांदू शकत नाहीत असं त्याला मनापासून वाटायला लागलं. त्याने राजीनामा दिला आणि पेन्शनही नाकारलं. तब्येत ढासळल्यामुळे १८३६ला मायदेशी गेला. इंग्रजी-मराठी कोशाचं काम कँडीने पुरं केलं, १८४७ला. मग १८५१ला मोल्सवर्थला पुन्हा बोलावलं, आणि पन्नाशी उलटलेला तो माणूस आपलाच जुना कोश दुरुस्त करायला परत आला. चाळीस हजारांचे साठ हजार झाले. १८७१ला तो इंग्लंडमध्ये क्लिफ्टनला वारला.

तू हे वाचून फौज सोडावीस असं मला मुळीच म्हणायचं नाही. कँडी शेवटपर्यंत मेजर कँडी म्हणूनच ओळखला गेला आणि त्यानेही मराठीचं काम सोडलं नाही. मी आयुष्यभर ज्यांच्या मागे लाल पेन घेऊन फिरलो ती स्वल्पविराम-अर्धविरामांची पलटण मराठीत रुळवण्यात त्याचा मोठा हात. १८५०मध्ये त्याने 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहिली. एकाने गणवेश उतरवला, एकाने पदवी नावाला चिकटू दिली. वही दोघांचीही चालू राहिली.

तेव्हा ट्रंक उघड. तुझ्या एकाच पत्रात मला पाच शब्द सापडले: उस्ताद, फॉलिन, रगडा, पलटण, लंगर. पहिला फारसी. दुसऱ्यात इंग्रजी 'फॉल इन' चेपून बसलंय. 'पलटण' हेही इंग्रजांकडून आलेलं, पार मराठी होऊन गेलेलं. लंगरही फारसीच, पण जहाजाचा नांगर आणि जेवणाची पंगत एका शब्दात कशी, हे तूच तिथल्या पंजाबी मुलींना विचार. तुमच्यात तमीळ आहेत, मिझो आहेत, गढवाली आहेत. सोलापूरच्या छावणीतही इतक्या भाषा नसतील.

रोज पानभर नको. झोपेच्या वेळेत तर नकोच, उस्तादांनी पकडलं तर मला जबाबदार धरू नकोस. रविवारी बूट पॉलिश करून झाल्यावर दोन-तीन शब्द, बस. फोन हातात येईल त्या दिवशी मोल्सवर्थ शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. पावडरीचा वास तेवढा नाही.

आणि रगड्याचं नीट लिही. मी आईला सांगितलं की पोरीला काल रगडा मिळाला, तर ती खूश झाली, म्हणाली पॅटिससुद्धा देत असतील. रगडा म्हणजे शिक्षा, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. रगडा 'देतात' की 'लावतात' की 'काढतात'? मिळाल्यावर माणूस लोळतो, पळतो की उलटा लटकतो? पूर्ण वाक्यात लिही, तुमच्यात म्हणतात तसंच्या तसं.

तुझा,
बाबा

ता. क. शेंगदाण्याचे लाडू पाठवतोय. डब्याखाली नवी वही आहे, शंभर पानी, कडक पुठ्ठ्याची. आईने तिला प्लास्टिक चढवलंय.