पोर्थकर्नोची वाळू आणि अण्णांची तार

पेन्झन्स, कॉर्नवॉल, इंग्लंड
१९ मे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

फोनवर सांगता आलं असतं, पण पत्र असलं की अण्णांना सावकाश वाचून दाखवता येईल, म्हणून लिहायला बसलोय.

काल सेनन कोव्हहून पोर्थकर्नोपर्यंत चाललो. साऊथ वेस्ट कोस्ट पाथ माइनहेडपासून पूल हार्बरपर्यंत १०१४ किलोमीटर जातो. त्यातला हा दहा-अकरा किलोमीटरचा तुकडा. ही वाट पडली ती चोरटा माल उतरवणाऱ्यांवर पहारा ठेवणाऱ्या शिपायांच्या पायांनी. त्यांना प्रत्येक खाचेत डोकावायला लागायचं, म्हणून वाट कड्याची धार सोडत नाही. ओढ्यापाशी उतरवते, की लगेच पलीकडे छातीवरचा चढ. उजव्या हाताला दिवसभर समुद्र. आपण हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेला जायचो ना, तसं; फक्त इथे पायाखाली ग्रॅनाइट, आणि ती तासाभरात संपायची, ही संपतच नाही.

गॉर्सची काटेरी झुडपं पिवळ्याधमक फुलांनी लगडली होती. ऊन तापलं तसा त्यांचा वास सुटला आणि मी जागीच थांबलो. खोबरं! अंगणात वाळत घातलेल्या वाट्यांचा वास, अगदी तोच. आईची फार आठवण आली.

लँड्स एंडला गर्दी होती, तिथे रेंगाळलो नाही. ग्वेनॅप हेडवर मात्र बराच वेळ बसलो. तिथे माळावर दोन मोठे शंकू उभे आहेत, समुद्राकडचा लाल आणि त्याच्या मागे काळा-पांढरा. समुद्रावरून बघताना काळा-पांढरा शंकू लाल शंकूआड पूर्ण झाकला गेला, की समजायचं, आपली बोट रनेल स्टोन या बुडालेल्या खडकावर आली. दिवा नाही, यंत्र नाही, नुसती नजरेची रेघ. किती खलाशी वाचले असतील!

पुढे पोर्थग्वाराला कड्यातून खोदलेलं भुयार आहे; शेतकरी खतासाठी समुद्रशेवाळ त्यातून गाड्यांनी वर न्यायचे. मग मिनॅकचं उघडं नाट्यगृह. रोवेना केड या बाईंनी १९३१-३२ च्या हिवाळ्यात ते कड्यात घडवायला घेतलं आणि म्हातारपणापर्यंत स्वतः राबत राहिल्या. तिथून दगडी पायऱ्या पोर्थकर्नोच्या वाळूत उतरतात. गुडघे थरथरत होते, पण मला तिथेच पोचायचं होतं.

सुहास, १८७० च्या जूनमध्ये याच वाळूत समुद्राखालच्या केबलचं टोक ओढून घेतलं, आणि त्या साखळीचं दुसरं टोक होतं मुंबईला! मुंबई ते एडन टप्पा ग्रेट ईस्टर्न या अवाढव्य जहाजाने टाकला; पुढे सुएझ, माल्टा, जिब्राल्टर, लिस्बन करत तार इथे आली. आधी फॅल्मथ ठरलं होतं, पण त्या गजबजलेल्या बंदरात नांगरांनी केबल तुटेल म्हणून ही आडजागा निवडली. आत तांबं, त्यावर गटापर्चाचं, म्हणजे झाडाच्या चिकाचं वेष्टण. पत्राला आठवडे लागत, तिथे निरोप मिनिटांत जायला लागला.

आपल्या गावात तार आली की बायका वाचायच्या आधीच रडायला लागायच्या. अण्णा म्हणायचे, "ती बातमी आधी माझ्या हातातून गेलेली असते रे." तेव्हा आपण लहान होतो. मुंबईत फाउंटनच्या तारघरात रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी गप्प का असायचा, ते मला काल त्या वाळूत बसल्यावर कळलं.

किनाऱ्याजवळ १९२९ सालची एक पांढरी खोली आहे, केबली तिथे जमिनीवर येत. तिच्या भिंतीवर बोटांनी तुझं नाव वाजवलं, तारेच्या मोर्स लिपीत, इंग्रजी स्पेलिंगने. कट्ट कट्ट कट्ट, तीन टिंबांनी सुरू आणि तीन टिंबांनीच शेवट, अण्णांनी ताटावर चमच्याने शिकवलं होतं तसं. एवढ्या वर्षांनी एकही अक्षर चुकलं नाही. त्यांना हे नक्की सांग.

मी गणपतीला येतोय. अण्णांची ती तार ठोकायची पितळी 'की' माळ्यावरच्या ट्रंकेत अजून असेल, तर काढून पुसून ठेव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विन्या