बुडाले ते मोजा, मग भरून घ्या

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

२०२० मध्ये चिनी विद्यापीठांत एमबीबीएसला प्रवेश घेतलेल्या मुलांचा सहा वर्षांचा अभ्यासक्रम २०२६ मध्ये संपतो आहे. करोनामुळे पहिली दोन वर्षे घरच्या खोलीत बसून शिकलेली ही बॅच आहे. पदवी हातात पडली की एफएमजीई (परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठीची भारतातली पात्रता परीक्षा), मग राज्य वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी, मग इंटर्नशिप, हा रस्ता तिला चालायचा आहे. आधीच्या बॅचेसची या रस्त्यावर जी फरफट झाली, ती हिच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे पत्र लिहीत आहोत. सवलत मागत नाही. रुग्णाजवळ उभे न राहता कोणी डॉक्टर होऊ शकत नाही, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे म्हणणे आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. आमचे म्हणणे एवढेच की कोणाचे नेमके काय बुडाले ते आधी मोजा, आणि तेवढे पुरेपूर भरून घ्या.

जानेवारी २०२० मध्ये चिनी नववर्षाच्या सुट्टीत बहुतेक मुले दोन-चार आठवड्यांचे कपडे घेऊन घरी आली होती. वुहानमध्ये अडकलेल्यांना एअर इंडियाच्या दोन विमानांनी आणले, ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारीला, ६४७ भारतीय. २८ मार्चपासून चीनने परदेशी नागरिकांचा प्रवेश थांबवला आणि विद्यार्थी व्हिसा पुन्हा सुरू झाला तो २४ ऑगस्ट २०२२ ला. चीनमध्ये शिकणारे भारतीय विद्यार्थी सुमारे २३ हजार होते, त्यांतले बहुतेक वैद्यकीयचे. जवळजवळ अडीच वर्षे त्यांचे कॉलेज म्हणजे मोबाईलचा पडदा.

त्या पडद्याचीही कथा सांगायला हवी, कारण आज हजेरीच्या दाखल्यांवरून प्रश्न विचारले जातात. चीनची घड्याळे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथला सकाळी आठचा तास इथे पहाटे साडेपाचला. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅप्समध्ये वीचॅट होते आणि २४ नोव्हेंबरच्या ४३ अ‍ॅप्सच्या यादीत डिंगटॉक आले. तास, हजेरी, नोट्स, परीक्षेच्या सूचना हे सगळे अनेक विद्यापीठांत याच दोन अ‍ॅप्सवर चाले. देशाच्या सुरक्षेसाठी घेतलेल्या निर्णयावर आम्ही बोलत नाही. पण बंदीनंतर हजेरीत पडलेली भोके विद्यार्थ्याच्या आळशीपणाची म्हणून वाचली जाऊ नयेत. ज्या महिन्यांत अ‍ॅपच बंद होते, त्या महिन्यांची हजेरी कुठून येणार?

आता मुख्य मुद्दा. चिनी एमबीबीएस म्हणजे पाच वर्षे शिक्षण आणि सहावे वर्ष इंटर्नशिप. दरवाजे सर्वांना एकाच काळात बंद झाले, पण बॅचगणिक बुडालेली गोष्ट वेगळी आहे.

२०१६ ची बॅच तेव्हा चौथ्या वर्षाला होती. तिचे अर्धे चौथे, आख्खे पाचवे आणि इंटर्नशिपचे सहावे वर्ष चीनबाहेर गेले. २०१७ ची बॅच तिसऱ्यात होती. तिचे मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग-प्रसूती, बालरोग हे सगळे पडद्यावर झाले आणि सहाव्या वर्षाच्या तोंडावर दार उघडले. या दोन बॅचेसचे वॉर्ड बुडाले. वॉर्ड बुडणे म्हणजे काय, तर प्लीहा (पाणथरी) तपासण्यासाठी रुग्णाच्या पोटावर उजव्या बाजूला खालून हात ठेवून, त्याला श्वास घ्यायला सांगत, डाव्या बरगडीच्या दिशेने हात सरकवत न्यायचा असतो. श्वासाबरोबर प्लीहेची कड खाली येऊन बोटांना लागते. ती लागली नाही तर रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून पुन्हा पाहायचे. पन्नास पोटे तपासल्यावर बोटांना ती कड ओळखता येते. व्हिडिओत फक्त हात सरकताना दिसतो.

२०२० च्या बॅचचे उलटे आहे. ती तिसऱ्या वर्षापासून तिथे गेली. वॉर्ड, क्लिनिकल पोस्टिंग, इंटर्नशिप हे सगळे प्रत्यक्ष झाले. बुडाले ते डिसेक्शन (शवविच्छेदन) हॉल, हिस्टॉलॉजीच्या (ऊतींच्या अभ्यासाच्या) स्लाइड्स, फिजिऑलॉजीची प्रात्यक्षिके. काखेतले नसांचे जाळे पुस्तकात पिवळ्या रंगात सुटे काढलेले असते. मृतदेहात ते चरबीत गुरफटलेले, धमनीला बिलगलेले सापडते आणि चिमट्याने एकेक धागा मोकळा करावा लागतो. पुढे काखेतली गाठ काढताना किंवा खांद्याला भूल देताना ही ओळख कामाला येते. या मुलांना वॉर्डात एक जादा वर्ष इंटर्न म्हणून राबवले तर डिसेक्शन भरून निघणार नाही. त्यांना शरीररचनाशास्त्र विभागात सहा-आठ आठवडे बसवले तर निघेल. २०१७ च्या बॅचला ते सहा-आठ आठवडे काही उपयोगाचे नाहीत. दोघांना एकच औषध देणे हा उपचार नव्हे.

आतापर्यंत झाले ते असे. केवळ ऑनलाइन केलेला वैद्यकीय अभ्यासक्रम मान्य नाही, हे आयोगाने स्पष्ट सांगितले ८ फेब्रुवारी २०२२ ला. तोवर ऑनलाइन शिक्षण सुरू होऊन दोन वर्षे झाली होती. २९ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला दोन महिन्यांत योजना आखायला सांगितले. त्यानुसार २८ जुलैला ठरले की ३० जून २०२२ पर्यंत पदवी मिळालेल्यांनी एफएमजीई द्यावी आणि एकाऐवजी दोन वर्षे इंटर्नशिप करावी. त्यानंतर पदवी घेणाऱ्यांचे काय, यावर सूचना येत राहिल्या. जून २०२४ मध्ये तर ७ तारखेला दोन किंवा तीन वर्षांच्या इंटर्नशिपची सूचना निघाली आणि १९ तारखेला खुलासा आला की ऑनलाइन तासांची प्रत्यक्ष वर्गांनी पुरेशी भरपाई केलेल्यांना एकच वर्ष.

पुरेशी म्हणजे किती तास, कोणत्या विषयाचे, कोणाच्या सहीने, याचे माप दिलेले नाही. माप नसले की प्रत्येक परिषद आपापले माप लावते आणि विद्यापीठेही आपापल्या मजकुराचे भरपाईचे दाखले देतात. त्यात एक खरी गफलत आहे आणि ती आम्ही झाकणार नाही. समजा, विद्यार्थी ऑक्टोबर २०२२ मध्ये परत गेला आणि जून २०२३ मध्ये पदवी घेतली. हे साधारण ३५ आठवडे. आठवड्याला ३६ तास धरले तर १,२६० तास. याच तासांत त्याचे सहावे वर्ष बसते. मग अडीच वर्षांची भरपाईही याच ३५ आठवड्यांत झाली म्हणणारा दाखला एकच तास दोनदा मोजतो. असा दाखला नाकारायलाच हवा. पण ज्याने दोन उन्हाळी, दोन हिवाळी सुट्ट्या तिथेच राहून खरोखर वॉर्डात घालवल्या, त्याचा दाखला त्याच गठ्ठ्यात बाजूला पडतो, हा अन्याय आहे.

म्हणून आयोगाने सर्व राज्यांसाठी एकच नमुना छापावा. विषय, ऑनलाइन झालेले तास, प्रत्यक्ष भरपाईच्या तारखा, रुग्णालय आणि विभाग, विभागप्रमुखाची सही. सोबत विद्यापीठाचे त्या वर्षांचे शैक्षणिक वेळापत्रक आणि पासपोर्टवरील येण्याजाण्याच्या शिक्क्यांच्या प्रती. तारखा शिक्क्यांशी जुळतात का आणि वेळापत्रकातल्या नियमित तासांवर चढत तर नाहीत ना, एवढे पडताळायला एका कारकुनाला अर्धा तास पुरतो. नमुना आयोगाने थेट विद्यापीठाकडून भारतीय दूतावासामार्फत मागवावा. विद्यार्थ्याच्या हाती देऊन मग त्याच्याच खरेपणावर शंका घेण्याची वेळच येऊ नये.

कागदाने शंका फिटत नसेल तर हात तपासा. एफएमजीई ३०० बहुपर्यायी प्रश्नांची, १५० गुणांना उत्तीर्ण. तिच्यात हात दिसत नाहीत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एक दिवसाची कौशल्य चाचणी घ्या: पोट तपासणे, छाती ऐकणे, सलाइन लावणे, टाके घालणे, पुतळ्यावर प्रसूती. आपल्या इंटर्नशिपच्या नियमात ५२ आठवड्यांची विभागणी आहेच: मेडिसिन ६, सर्जरी ६, स्त्रीरोग-प्रसूती ७, बालरोग ३. सर्जरीत अडलेल्याला सर्जरीचे ६ आठवडे जादा द्या, चारही विभागांत अडला तर २२. सरसकट वर्ष, दोन वर्षे कशासाठी?

वर्ष वाढले की त्याचा भार कुठे पडतो, तेही पाहावे. बँकांच्या शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रम अधिक एक वर्ष एवढीच हप्त्याला सूट असते. अभ्यासक्रम संपला जून २०२३ ला, तर हप्ता सुरू जून २०२४ ला. एफएमजीई वर्षातून दोनदा. एका प्रयत्नात नाही निघाली तर सहा महिने गेले. मग इंटर्नशिपच्या जागेची वाट. त्यावर दोन वर्षे. साडेसात लाखांवरच्या कर्जाला तारण लागते आणि आपल्याकडे ते बहुधा आईवडिलांचे घर असते. जादा इंटर्नशिप सरकारच्या आदेशाने असेल तर तेवढी सूट वाढवण्याचे पत्र आपल्या मंत्रालयाने अर्थ मंत्रालयाकडे पाठवायला हवे.

परदेशी पदवीधरांकडून इंटर्नशिपसाठी शुल्क घेऊ नये, स्टायपेंड इतरांइतकाच द्यावा आणि त्यांच्यासाठी ७.५ टक्क्यांपर्यंत जागा ठेवाव्यात, हे आयोगाने २०२२ मध्येच सांगितले आहे. महाराष्ट्रासह प्रत्येक राज्याने कोणत्या रुग्णालयात किती जागा रिकाम्या आहेत हे दर महिन्याला जाहीर करावे, म्हणजे पालकांना वैद्यकीय शिक्षण संचालनालयाचे उंबरठे झिजवावे लागणार नाहीत.

शेवटी पुढच्या साथीबद्दल. सीमा पुन्हा बंद झाल्या तर तीस दिवसांत आयोगाने लेखी सांगावे की कोणते विषय ऑनलाइन चालतील, कोणते नाहीत, आणि मायदेशी अडकलेल्या विद्यार्थ्याला जिल्हा रुग्णालयात देखरेखीखाली पोस्टिंग करता येईल का. युक्रेनमध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना सप्टेंबर २०२२ मध्ये दुसऱ्या देशात शिक्षण पूर्ण करण्याची मुभा दिली गेलीच ना? मनात आणले तर आयोगाला जमते. २०२० ची बॅच पदवी घेऊन उतरण्याआधी निदान तो एक नमुना तरी जाहीर करावा, ही विनंती.

आपले,
परदेशी वैद्यकीय पदवीधरांच्या नोंदणीच्या कामात मदत करणारे काही पालक व डॉक्टर