जनुक शाबूत, तरी काम ठप्प

संपादक महोदय,

स्तनाच्या कर्करोगावरच्या बातम्या वाचून बीआरसीए जनुकातला आनुवंशिक बिघाड हेच सगळ्याचे मूळ, असा समज होतो. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांत तो नसतोच. जनुक धडधाकट असूनही त्याचे काम ठप्प होऊ शकते, आणि त्यात हात असतो मायक्रोआरएनएचा, म्हणजे पेशीतल्या जेमतेम २२ अक्षरांच्या आरएनए रेणूचा.

गाठीला आळा घालणारे पीटेन हे जनुक घ्या. त्याचा प्रथिन बनवण्याचा निरोप पोचवायला एमआरएनए हा रेणू निघतो. त्याच्या शेपटाकडच्या भागाला मायक्रोआरएनए-२१ चिकटतो आणि प्रथिन बनण्याआधीच निरोप अडतो किंवा नष्ट होतो. पीटेनचे प्रथिन कमी पडले, की पेशीवाढीचा एकेटी मार्ग मोकाट सुटतो. स्तनाच्या गाठींत हा मायक्रोआरएनए-२१ बऱ्याचदा वाढलेला सापडतो. बीआरसीए-१ चा निरोपही मायक्रोआरएनए-१८२ असाच दाबतो. लेट-७ हा मायक्रोआरएनए मात्र उलट गाठीलाच आवर घालतो. सरसकट खलनायक ठरवायची घाई नको.

मायक्रोआरएनएच्या शोधासाठी अ‍ॅम्ब्रोस आणि रव्हकन या शास्त्रज्ञांना २०२४ चे नोबेल मिळाले, ते योग्यच. पण रक्तातले मायक्रोआरएनए मोजून 'थेंबभर रक्तात निदान' अशी आशा दाखवताना मायक्रोआरएनए-२१ इतर अनेक कर्करोगांत आणि साध्या सुजेतही वाढतो, हेही लिहायला हवे. मायक्रोआरएनए-३४ ची नक्कल असलेल्या औषधाची चाचणी तर रोगप्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली. स्तनात गाठ जाणवलेल्या बाईने आजही डॉक्टरांकडेच जायचे आहे, मॅमोग्राफी आणि बायोप्सीसाठी.

— जीवशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका, सातारा