फसव्यांना गुंतवणारी आजी

परभणी

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

तुझा आराखडा वाचला. फोनवरच्या ठगांना बोलण्यात गुंतवणारी एआय आजी करायची, हे पटलं. ब्रिटनमध्ये ओटू कंपनीनं नोव्हेंबर 2024 मध्ये 'डेझी' नावाची अशीच आजी आणली. तिनं काही ठगांना 40 मिनिटांपर्यंत अडकवलं. पण तू आजीला हुशार करायच्या मागं लागलायस. ती संथ पाहिजे.

ठगाचं बोलणं लिहून घेणं, मॉडेलनं उत्तर काढणं, उत्तराचा आवाज करणं, यात दीड-दोन सेकंद सहज जातात. तेवढ्यात समोरचा "हॅलो, हॅलो" करतो, आजी त्या हॅलोलाच उत्तर देत बसते आणि सगळं विस्कटतं. म्हणून आजीच्या बोलण्याचे दहा-बारा तुकडे आधीच रेकॉर्ड करून ठेव. "थांब बाबा, चष्मा कुठं ठिवला की..." "काय म्हन्लास? शेळी वरडायली, ऐकू नाही आलं." समोरचा थांबला की 700 मिलिसेकंद जाऊ दे, तुकडा सोड, तोवर खरं उत्तर तयार होतं. एकच तुकडा लागोपाठ दोनदा आला की बिंग फुटलं. ठगांना असंच गुंतवणारा 'लेनी' नावाचा जुना बनावट आजोबा तर नुसत्या 16 रेकॉर्डिंगवर चालायचा, एआय औषधालाही नाही!

साध्या कॉलचा आवाज 8 किलोहर्ट्झचा, आणि बोलणं ओळखणारी बरीच मॉडेलं 16 वर शिकलेली. म्हणून आवाज मॉडेलला द्यायच्या आधी 16 वर बदलून घे. ठग बहुधा हिंदीत बोलतात, तेव्हा आजीचं हिंदीही आपल्याकडचं मोडकंच ठेव: "मेरेकु समज्या नहीं बेटा." पुस्तकी बोलली तर ती जिंतूरची कुणाला वाटणार?

नंबर घरचा नको. परवाना असलेल्या क्लाउड टेलिफोनी कंपनीकडून तुझ्या नावावर, केवायसी करून घे. घरी सिमबॉक्स, म्हणजे एकाच वेळी बरीच सिमकार्डं चालवणारं यंत्र, लावायचा विचार सोड, पोलीस दारात येतील.

आजीला खरं काहीच माहीत नको: ना गाव, ना बँक, ना नातवाचं नाव. खोटा खाते नंबरही पूर्ण सांगायचा नाही, तो कुणाचा तरी खरा निघायचा. सात आकडे झाले की "चुकलं वाटतं, पयल्यापासून सांगते". ओटीपीचंही तसंच, तीन आकड्यांवर अडायचं.

उलट त्याच्याकडून काढून घ्यायचं: "पैसे कुठं टाकू बाबा, हळू सांग." यूपीआय आयडी, खातं, वेळ अशी नोंद झाली की सरकारच्या संचार साथी पोर्टलवर संशयित कॉलची तक्रार घेणारी 'चक्षू' सोय आहे, तिथं तक्रार टाक. कुणाचे पैसे गेलेच असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन कर. ठगाच्या नंबरवर उलट फोन करू नको, सिम बहुतेक भलत्याच्याच नावावर असतं.

खोटे पोलीस बनून "तुम्हाला अटक झालीय" म्हणून घाबरवणारे डिजिटल अरेस्टवाले व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर येतात, तिथं ही आजी पोचत नाही. पीएम किसानच्या नावानं येणारी एपीके फाइलही (मोबाइलमध्ये ॲप टाकणारी फाइल) तिच्या आवाक्याबाहेरची. आपल्या खऱ्या आजीच्या मोबाइलमधली अनोळखी ॲप घ्यायची परवानगी मी बंद करतो.

आणि खऱ्या आजीचा आवाज या कामाला घेऊ नको. ठगही कॉल रेकॉर्ड करतात, नक्कल करायला थोडा आवाज पुरतो. यंत्राचाच आवाज घाल. तुकडे आपल्या बोलीत लिहून सोबत पाठवलेत, त्यातला म्हशीचा जरा लांबलाय, तो काप.

तुझे,
बाबा