हजेरीपटातून खोडलेली नावे

फोंडा, गोवा

प्रिय चि. शर्वरी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचे हस्तलिखित दोनदा वाचून झाले. पहिल्या वेळी पुढे काय होते या ओढीने वाचत गेले. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती. बाराव्या वर्षीच्या परीक्षेत कमी पडलेल्या मुलांना उत्तरेकडील इमारतीत हलवून त्यांची नावे हजेरीपटातून खोडून टाकणारी शाळा तू उभी केली आहेस. हजेरी घेताना शिक्षिका खोडलेल्या नावापाशी क्षणभर थांबते आणि पुढचे नाव घेते, तिथे माझ्या अंगावर काटा आला. सरकारी प्राथमिक शाळेत तीस वर्षे मी हजेरी घेतली आहे. तो क्षणभराचा थांबा तू अगदी खरा लिहिला आहेस.

मुख्याध्यापिका मात्र मला पटली नाही. तिच्या हाती तू विजेचे कुंपण, कॅमेरे आणि चाबूक दिलास. अशा बाईला मुले घाबरतील, पण संधी मिळताच पळूनही जातील. मुले स्वतःहून रांगेत उभी राहतात, त्या शाळेची मला अधिक भीती वाटते.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितलेली नाही. दुसरीच्या वर्गाला एकदा मी सांगितले होते, की मी बाहेर असताना जो बोलेल त्याचे नाव मॉनिटरने फळ्यावर लिहावे. परत आले तेव्हा फळ्यावर चार नावे होती आणि चौथे नाव स्वतः मॉनिटरचे होते. शेजारणीला खडू मागताना ती एक शब्द बोलली होती, म्हणून त्या सात वर्षांच्या मुलीने वाकड्यातिकड्या अक्षरांत आपले नाव लिहिले आणि माझ्या शाबासकीची वाट पाहत ती उभी राहिली. मी तिला शाबासकी दिलीही. त्या शाबासकीची खंत आजही माझ्या मनात आहे.

१९६७ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे रॉन जोन्स या शिक्षकाने, जर्मन जनता नाझींच्या मागे कशी गेली हे विद्यार्थ्यांना समजावे म्हणून, वर्गात एक प्रयोग केला. ताठ बसणे, ठरावीक सलाम, सदस्यत्वाची कार्डे असे साधेच नियम होते. नियम मोडणाऱ्यांची माहिती देण्याचे काम त्याने मोजक्या मुलांवर सोपवले होते, परंतु त्यांच्याखेरीज इतर कितीतरी मुले आपणहून चहाड्या घेऊन येऊ लागली, आणि एका वर्गात सुरू झालेली ही चळवळ काही दिवसांतच दोनशेच्या वर मुलांपर्यंत पोहोचली. त्यासाठी कुंपण घालावे लागले नाही.

आपल्या गोव्यातही पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत लग्नपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी सेन्सॉरच्या मंजुरीसाठी न्यावी लागत असे. तुझे आजोबा सांगत, की पुढे पुढे लोक मजकूर लिहितानाच खटकेल असा शब्द घरीच गाळू लागले. सेन्सॉरने काय खोडले यापेक्षा हे घरी गाळलेले शब्द त्यांना अधिक लागत असत. तुझ्या कादंबरीत एखाद्या मुलाने घरी पाठवायचे पत्र असेच, कोणी न सांगता, आखडून लिहिलेले मला वाचायचे आहे.

तेव्हा मुख्याध्यापिकेच्या हातातला चाबूक काढून घे. तिला प्रत्येक मुलाचे नाव पाठ असू दे, ताप आलेल्या मुलाच्या उशाशी ती रात्रभर बसू दे, आणि सकाळी त्याच मुलाचे नाव खोडताना आपण त्याचे भलेच करीत आहोत अशी तिची मनापासून खात्री असू दे. सातवे प्रकरण, जिथे ती मुलांना मारते, ते पूर्ण नव्याने लिहावे लागेल. हजेरीच्या प्रसंगाला मात्र हात लावू नकोस.

चवथीला येशील तेव्हा नवे प्रकरण घेऊन ये. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली की रात्री आपण दोघी ते मोठ्याने वाचू.

तुझी,
आई